महार-मांग वगळून सर्वांसाठी



सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दहा सेकंद एक सरकारी कागद दिसतो. त्या वेळी आपण अंधारात खुर्ची शोधत असतो, नाहीतर रडणाऱ्या पोराला मांडीवर घेत असतो. कागद निघून जातो. त्यावर सिनेमाचं नाव, लांबी, तारीख आणि एक अक्षर असतं. यू, यूए, ए. यू म्हणजे कुणीही बघा. यूए म्हणजे आईबापांनी ठरवा. ए म्हणजे अठराच्या खालच्याला गेटवरूनच परत पाठवा. ह्या अक्षराचा इतिहास शाळेत कुणी शिकवला नाही आणि आपल्या शिबिरांतही त्यावर कधी बोलणं झालं नाही. मी जमेल तसा वाचला, तो मांडतो. सुरुवात ताज्या जखमेपासून करतो, मग मागे जाऊ.

२०२५ च्या ७ एप्रिलला अनंत महादेवन यांच्या ‘फुले’ ह्या हिंदी सिनेमाला यू सर्टिफिकेट मिळालं. ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला, तो लागणार होता. ट्रेलरवरून काही ब्राह्मण संघटनांनी गलका केला आणि सिनेमा २५ एप्रिलवर गेला. गलका सगळ्यांनी ऐकला. बोर्डाचं काम मात्र गुपचूप झालं होतं, त्याची यादी बातम्यांतून बाहेर आली. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा. गुलामी तीन हजार वर्षांची म्हटलीय, तिथं ‘बऱ्याच वर्षांची’ म्हणा. कमरेला झाडू बांधलेला माणूस दिसतो, ते दृश्य बदला. दिग्दर्शक म्हणाले, हे कट नव्हेत, बोर्डाने सुचवलेले बदल आहेत. बरं, बदल म्हणू.

यू म्हणजे सर्वांसाठी. सिनेमा सर्वांसाठी करताना त्यातून आमचं नाव काढावं लागलं. पेशवाई काढली, म्हणजे झाडू कुणी बांधला तेही गेलं. मग राहिलं काय? कुणीतरी, कधीतरी, बऱ्याच वर्षांपूर्वी, कुणालातरी काहीतरी केलं होतं.

आता हे बघा. १८५५ साली, ह्याच फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या मुलीने निबंध लिहिला, ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीला जे शब्द लिहिता आले, ज्यांच्यामागचं दुःख तिला मांडता आलं, ते शब्द १७० वर्षांनी चौदा वर्षांच्या पोरांच्या कानावर जायला नकोत म्हणून पुसले गेले. मुक्ता साळवे आज असती तर आपलाच निबंध बदल केल्याशिवाय तिला पडद्यावर ऐकायला मिळाला नसता.

सरकारला हे शब्द माहीत नाहीत असंही नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ते छापलेले आहेत. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट आजही त्याच नावाने सीमेवर आहे, तिचं नाव पुकारताना कुणी आवाज बंद करत नाही. आपल्या पोराचं नाव शाळेत घालताना जातीचा दाखला मागतात, त्यावर हाच शब्द हाताने लिहून, शिक्का मारून मिळतो. एक सरकारी दाखला हा शब्द असल्याशिवाय मिळत नाही आणि दुसरा सरकारी दाखला हा शब्द काढल्याशिवाय मिळत नाही. सहा वर्षांच्या पोराच्या हातात पहिला दाखला देताना कुणाला त्याच्या कोवळ्या मनाची काळजी वाटत नाही.

पण नुसतं चिडून उपयोग नाही. हा दुसरा दाखला आला कुठून ते बघितलं पाहिजे.

आला इंग्रजांकडून. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा दोन गोष्टींसाठी होता. एक, आग लागू नये म्हणून. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, भडकन पेटायची. दुसरी, तपासल्याशिवाय सिनेमा दाखवला जाऊ नये म्हणून. एकाच कायद्यात दोन्ही आगी धरल्या होत्या. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथं सेन्सॉर बोर्डं बसली आणि मुंबईच्या बोर्डावर अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर. हे ध्यानात ठेवा. पोरांची काळजी घ्यायला कुणी मास्तर नेमला नव्हता, डॉक्टर नेमला नव्हता. पोलीस नेमला होता. १९२१ साली कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मध्ये विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीत बंदी आली. १९२७ साली रंगाचारियार समिती नेमली, त्यामागे साहेबाची एक चिंता होती. अमेरिकन सिनेमांत गोरी बाई जशी दिसते ती बघून काळ्या माणसाला गोऱ्याचा धाक राहील का? म्हणजे पाहणारा प्रेक्षक हाच संशयित. हा संशय पुढे स्वराज्यातही फायलीसकट हस्तांतरित झाला.

मराठीतला दाखला घ्या. १९३५ साली प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांवर सिनेमा काढला. एकनाथ झाले बालगंधर्व. नाव ठेवलं ‘महात्मा’. एकनाथ महाराच्या घरी जेवले ही त्यातली मुख्य गोष्ट. सेन्सॉरला नाव खुपलं. महात्मा म्हटलं की गांधी आठवतात, अस्पृश्यता म्हटली की राजकारण आठवतं. शेवटी नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. जेवण राहिलं, नाव गेलं. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, आमच्या गोरेगावाशेजारी मालाडला बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. त्यातली अस्पृश्य पोर शेवटी मरते. तो गाजला, सगळ्यांनी डोळे पुसले. आपलं मरण पडद्यावर नेहमीच पास होत आलं आहे. अडचण येते ती आपण तोंड उघडून, नावानिशी हिशेब मागायला लागलो की.

(एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ २०१४ साली थिएटरात लागला आणि त्यातला शेवटचा धोंडा आपल्या सगळ्यांच्या तोंडावर आला. तोही ह्याच बोर्डातून पास झाला. म्हणजे बोर्ड दर वेळी सगळंच कापतं असं म्हणून चालणार नाही. कधी कात्री चालते, कधी नाही, आणि कधी चालेल ते आधी कळत नाही. त्यामुळेच निर्माता लिहितानाच घाबरतो.)

आता अक्षरांकडे येऊ. १९४९ पर्यंत आपल्याकडे वयाचा हिशेबच नव्हता. सिनेमा पास, नाहीतर बंद. १९४९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन यू आणि ए आले. १९५१ साली केंद्रीय बोर्ड झालं, १९५२ साली नवा कायदा झाला आणि तोच कायदा, ठिगळं लावून, आजवर चालू आहे. वयाची अक्षरं ही खरं तर सुधारणा होती. विचार असा, की मोठ्या माणसांना सगळं बघू द्या, लहानांना जपा, म्हणजे कापाकापी करायला नको. अमेरिकेत तसंच झालं. तिथं १९३० पासून हेज कोड नावाची आचारसंहिता होती, तिच्यात काळा आणि गोरी यांचं प्रेम दाखवायलाच मनाई होती. १९६८ साली ती मोडीत काढून वयाची अक्षरं आणली आणि ती देते सिनेमाधंद्याचीच संस्था, सरकार देत नाही. आपल्याकडे अक्षरं आली पण कात्री गेली नाही. दोन्ही एकाच टेबलावर राहिल्या. त्यातून एक सौदा तयार झाला. यू पाहिजे? मग एवढं काप. कापत नाहीस? मग घे ए आणि बस.

ह्या सौद्याची सगळ्यात मोठी लढाई ख्वाजा अहमद अब्बास यांनी लढली. १९६८ साली त्यांनी सोळा मिनिटांचा माहितीपट काढला, ‘चार शहर एक कहानी’. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. श्रीमंतांची चैन आणि शेजारी गरिबांची दैना. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीचं थोडं दृश्य होतं. बोर्ड म्हणालं, ए घ्या, नाहीतर यूसाठी ते दृश्य कापा. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की सिनेमा इतर कलांपेक्षा माणसाला जास्त हलवतो, पोरांना तर फारच, म्हणून दाखवण्याआधी तपासणं घटनेत बसतं. कलेला मोकळीक पाहिजे, नग्नता आणि अश्लीलता एक नव्हे, असंही कोर्ट म्हणालं. पण आधी तपासायचा हक्क सरकारकडे पक्का झाला तो तिथं.

मला ह्यात एक प्रश्न पडतो, कोर्टापुढे तो कुणी ठेवला नसावा. त्या गल्लीचं दृश्य सोळा मिनिटांत काही क्षण. पण त्या गल्लीत जन्मलेली पोरं चोवीस तास तिथंच असतात. त्यांना कुणी यू, ए विचारलं? आपल्या पोरांना जे जगावं लागतं ते दुसऱ्यांच्या पोरांनी बघू नये, एवढीच ह्या काळजीची लांबी.

त्या गल्लीला भाषा मिळाली ती चार वर्षांनी. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याच वर्षी पँथर उभी राहिली. ‘गोलपिठा’ छापायला कुठल्या बोर्डाचं सर्टिफिकेट लागलं नाही. पुस्तक आधी छापतात, ज्याला हरकत असेल त्याने मग कोर्टात जायचं. आपला हा अंकसुद्धा त्याच नियमावर निघतो. सिनेमाला उलटा नियम, आधी परवानगी. हा फरक किती मोठा आहे ते २०२५ च्या सुरुवातीला कळलं. ‘चल हल्ला बोल’ नावाचा मराठी सिनेमा बोर्डाकडे गेला, त्यात ढसाळांच्या कविता होत्या. सिनेमा काढणाऱ्यांनी वर्तमानपत्रांना सांगितलं, की कवितांना हरकत घेतली आणि वर विचारलं, कोण ढसाळ? महाराष्ट्रभर ओरड झाली. ज्या माणसाला १९९९ साली भारत सरकारने पद्मश्री दिली, २००४ साली साहित्य अकादमीने गौरवलं, त्याला भारत सरकारचंच बोर्ड ओळखत नाही. मीही चार ओळी खरडतो, म्हणून असेल, मला हे फार लागलं. पन्नासेक वर्षं छापून, वाचून, विद्यापीठांत शिकवून झालेली कविता पडद्यावर येताना पुन्हा पहिल्यापासून अस्पृश्य होते.

हे ठरवतं कोण, ते आता नीट बघा, कारण इथंच आपलं काम आहे. आमच्या गोरेगावात सिनेमा बनतो. १९४३ चा फिल्मिस्तान, १९७७ साली सरकारने उभी केलेली चित्रनगरी. आजूबाजूच्या वस्त्यांतली किती पोरं तिथं लाईट उचलतात, सेट ठोकतात. पण सिनेमावर अक्षर बसतं ते इथून लांब, पेडर रोडच्या बाजूला, बोर्डाच्या कचेरीत. मुंबईसह नऊ शहरांत बोर्डाच्या शाखा आहेत. अर्ज आता ऑनलाइन जातो. मग तपासणी समिती सिनेमा बघते. पूर्ण लांबीच्या सिनेमाला सल्लागार मंडळातली चार माणसं आणि एक अधिकारी, त्यात बायका असल्याच पाहिजेत. प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं. पटलं नाही तर प्रकरण फेरतपासणी समितीकडे. त्यावर पूर्वी अपील ऐकायला न्यायाधिकरण होतं. २०२१ साली ते सरकारने बंदच केलं. आता थेट हायकोर्ट. लहान निर्मात्याने वकील कुठून आणायचा?

ही सल्लागार मंडळातली माणसं केंद्र सरकार नेमतं. शिक्षक, वकील, समाजसेवक, कधी पक्षाचे कार्यकर्ते. त्यांच्या हातात काय असतं? कायद्याचं कलम ५ब, आणि त्याखाली निघालेल्या मार्गदर्शक सूचना. त्या सूचनांची तारीख आहे ६ डिसेंबर १९९१. योगायोग असेल, पण आपल्या महापरिनिर्वाण दिनाची. त्यांत लिहिलंय, की कुठल्याही वंशाचा, धर्माचा, गटाचा अवमान करणारं दृश्य वा शब्द नसावा. वाचायला हे आपल्याच बाजूचं वाटतं. आणि तेच वाक्य उलटं फिरतं. ‘महार’ म्हणून तोंडावर थुंकणाऱ्या पाटलाच्या तोंडचा शब्द आणि ‘आम्ही महार-मांगांसाठी शाळा काढली’ म्हणणाऱ्या फुल्यांच्या तोंडचा शब्द, समितीच्या कागदावर दोन्ही सारखेच. पहिली शिवी आहे, दुसरा इतिहास आहे. त्याच सूचनांत हेही आहे, की सिनेमा तुकड्यांत न बघता पूर्ण परिणाम बघून ठरवावा. ते वाक्य कुणाला आठवत नाही.

१९८३ साली बोर्डाने नाव बदललं. सेन्सॉर शब्द काढून ‘प्रमाणन’ आणला. त्याच वर्षी यूए आलं, आणि डॉक्टर वगैरे खास मंडळींसाठी एस. लोक अजून सेन्सॉरच म्हणतात, आणि लोकांचं बरोबर आहे. २०१६ साली श्याम बेनेगल समितीने सरकारला लिहून दिलं, की बोर्डाने वय ठरवावं, कापू नये. २०२३ साली कायदा बदलला, २०२४ साली नवे नियम आले, यूएचे तीन तुकडे झाले: सात, तेरा, सोळा. समितीचा वयाबद्दलचा सल्ला घेतला, कात्रीबद्दलचा बाजूला ठेवला. नवीन नियमांत एक गोष्ट चांगली आहे, बोर्डावर एक तृतीयांश तरी बायका असल्या पाहिजेत. दलित, आदिवासी किती, ह्यावर मात्र असा आकडा नाही.

नव्या नियमाचा पहिला मोठा मासला ‘धडक २’. तमिळ ‘परियेरुम पेरुमाल’वरून काढलेला, शाझिया इक्बाल यांचा. २०२५ साली त्याला यूए १६+ मिळालं. म्हणजे मतदानाला दोन वर्षं उरलेल्या पोरांसाठी. तरीही सोळा बदल. त्यातही तीन हजार वर्षं निघाली! दोन वेगळे सिनेमे, वेगळे लेखक, एकाला यू, दुसऱ्याला यूए १६+, आणि पुसला गेला तो एकच आकडा. वयाचा प्रश्न असता तर सोळा वर्षांच्या पोराला तो आकडा ऐकवता आला असता. त्याच साली मार्चमध्ये संध्या सूरी यांच्या ‘संतोष’चं थिएटरातलं प्रदर्शन अडलं, त्यात दलित मुलीचा खून आणि पोलिसांचा जुलूम आहे. बोर्डाने मागितलेले कट इतके, की दिग्दर्शिकेने हात टेकले. ती ‘मोठ्यांसाठी’ म्हणूनसुद्धा दाखवता आली नाही. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’च्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब आले होते, त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं होतं. तेव्हाही हाच कायदा होता.

आता जरा कडू गोष्ट. आपल्यातले बरेच जण आपल्याविरुद्धचा सिनेमा दिसला की लगेच म्हणतात, बंदी घाला. मीही मोर्चात ओरडलोय. १९८७ साली तमिळमध्ये ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ निघाला. ब्राह्मण मुलगी खोटी अनुसूचित जात सांगून नोकरी मिळवते, असा आरक्षणावर घाव घालणारा सिनेमा. आधी सर्टिफिकेट नाकारलं, मग फेरतपासणीत मतं फुटली आणि मिळालं काय, यू. म्हणजे आरक्षणाविरुद्धचं बोलणं सर्वांसाठी, लहान पोरांसकट. मद्रास हायकोर्टाने यू रद्द केलं. १९८९ साली सुप्रीम कोर्टाने ते परत दिलं आणि म्हणालं, मोर्चाच्या, दंग्याच्या धमकीखाली सरकार बोलण्याचं स्वातंत्र्य दाबू शकत नाही, त्याचं रक्षण करणं हेच सरकारचं काम. आपली बाजू हरली. पुढे मंडल पेटलं तेव्हा त्या सिनेमातलंच बोलणं रस्त्यावर ऐकू आलं. माझं रक्त अजून तापतं. पण तो निकाल आज कुणाच्या कामाचा आहे? ‘फुले’ पुढे ढकलला तेव्हा ट्रेलरवर गलका करणाऱ्यांपुढे ठेवायला तोच निकाल होता. आपण ज्या कात्रीला दुसऱ्यांवर सोडतो तिची मूठ आपल्या हातात कधीच नव्हती. म्हणून मी बंदी मागायच्या मोर्चातून बाहेर पडलोय. बाकीच्यांनी पडावं की नाही, भांडून ठरवू. अंकात जागा आहे.

अक्षर का महत्त्वाचं, ते वस्तीत बघा. तिकिटाला पैसे नसलेला माणूस सिनेमा टीव्हीवर बघतो. मुंबई हायकोर्टाच्या आदेशापासून टीव्हीवर यू आणि यूएच चालतो, ए असेल तर तो कापून पुन्हा सर्टिफिकेट घ्यावं लागतं. म्हणजे ए बसलं की आपल्या आईबापांपर्यंत सिनेमा जातच नाही. आणि सर्टिफिकेटच नसेल तर चौकात दाखवणं गुन्हा. मागे जयंतीच्या आठवड्यात आम्ही पडदा बांधून एक माहितीपट लावला, दोनेकशे माणसं, पुढे सगळी पोरं बसलेली. चौकीवरून साहेब आले. सर्टिफिकेट दाखवा. आमच्याकडे पेन ड्राइव्ह. पडदा सोडवून घेताना बघतो, तर पलीकडच्या चौकात मंडपात टीव्हीवर मारामारीचा सिनेमा चालू, रक्ताचे सडे, यूए, सगळं कायदेशीर. तेव्हापासून मी वाचायला लागलो.

तर पोरांनो, बोर्ड हे केंद्र सरकारचं कार्यालय आहे, माहितीच्या अधिकारात येतं. अर्जात एवढं विचारा: मुंबईच्या सल्लागार मंडळावर आज किती माणसं आहेत, त्यांतली अनुसूचित जाती-जमातींची किती. ‘फुले’ बघणाऱ्या समितीने ‘महार’ आणि ‘मांग’ काढायचं कारण काय लिहिलं. कलम कोणतं लावलं. सर्टिफिकेटवर बदलांची नोंद करतात, तिची प्रत मागा. उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. फी दहा रुपये. अर्ज मराठीतच करा. नमुना माझ्याकडे लिहून ठेवलाय. रविवारी सकाळी वाचनालयात असतो, येऊन उतरवून घ्या.